फोकस स्टॅकिंग (कीटकांचे मॅक्रो छायाचित्रण)

फोकस स्टॅकिंग : फोकसचे प्रतल थोडे थोडे सरकवत एकाच विषयाची अनेक छायाचित्रे घ्यायची आणि त्यांतले फक्त स्पष्ट भाग संगणकावर जोडून एक चित्र तयार करायचे, हे तंत्र. कीटकांच्या मॅक्रो (अगदी जवळून, मोठ्या आकारात घेतलेल्या) छायाचित्रणात ते फार उपयोगी पडते आणि महागड्या साधनांवाचूनही उत्तम साधते.

वर्धन (सेन्सरवरच्या प्रतिमेचे वस्तूच्या मूळ आकाराशी प्रमाण) वाढते तशी स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट दिसतो ती जाडी, झपाट्याने घटते. एपीएस-सी (पूर्ण फ्रेमहून लहान) सेन्सरवर एफ/८ छिद्राला (एफ-संख्या मोठी तितके छिद्र बारीक) १:१ वर्धन, म्हणजे प्रतिमा वस्तूइतकीच मोठी, असताना ती जेमतेम ०.६ मिमी असते. २:१ वर्धनाला पाव मिमीपर्यंत उतरते. माशीचे डोळे स्पष्ट आले की पंख धूसर होतात. छिद्र बारीक केल्याने खोली वाढते खरी, पण १:१ वर्धनाला साध्या लेन्सची प्रभावी एफ-संख्या सुमारे दुप्पट होते. एफ/१६ हे एफ/३२ सारखे वागते आणि विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) सगळेच चित्र मऊ पडते. त्यामुळे एफ/५.६ ते एफ/८ च्या आसपास राहून जास्त चित्रे घेणे केव्हाही चांगले.

खास मॅक्रो लेन्स नसली तरी अडत नाही. ५० मिमी लेन्समागे ५० मिमी लांबीच्या एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स कॅमेऱ्यापासून दूर धरणाऱ्या पोकळ नळ्या) लावल्या की १:१ वर्धन मिळते. रिव्हर्स रिंगने २८ मिमी लेन्स उलटी जोडली तर ते साधारण दुप्पट होते. उलटी लावायला छिद्राची कडी असलेली जुनी मॅन्युअल लेन्सच घ्यावी. कॅमेऱ्याशी विद्युतजोड तुटल्यावर नव्या लेन्सचे छिद्र सहसा हवे तसे बदलता येत नाही.

खर्च करायचाच तर तो प्रकाशावर करावा. फ्लॅश कमी शक्तीवर ठेवला की त्याचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही खूप कमी वेळ टिकतो, आणि हाताचा कंप त्यात गोठतो. मात्र उघडा फ्लॅश भुंग्याच्या चकचकीत पाठीवर पांढरे डाग पाडतो. अर्धपारदर्शक पांढऱ्या प्लॅस्टिकचा डिफ्यूजर कीटकाच्या अगदी जवळ आणला तर हे डाग सौम्य होतात आणि पाठीचा खरा रंग दिसतो.

स्थिर नमुन्यासाठी कॅमेरा स्क्रूच्या रेलवर बसवून पुढे सरकवतात. प्रत्येक टप्पा स्पष्टतेच्या खोलीपेक्षा लहान हवा, नाहीतर जोडलेल्या चित्रात धूसर पट्टे राहतात. जिवंत कीटक इतका वेळ देत नाही. तिथे कॅमेरा हातात धरून, शरीर हळूच पुढे झुकवत सलग फ्रेम घ्याव्यात. त्यांतल्या पाच-दहा जुळल्या तरी पुष्कळ. पहाटेच्या गारव्यात चतुर, मधमाश्या सुस्तावलेल्या असतात, तीच योग्य वेळ. कीटकाला फ्रिजमध्ये ठेवून बधिर करण्याची पद्धत काही जण वापरतात. ती त्याज्य आहे. त्यात जिवाला इजा होऊ शकते, आणि थिजलेल्या कीटकाची ठेवण नैसर्गिक राहत नाही.

जोडणीसाठी हेलिकॉन फोकस आणि झेरीन स्टॅकर या विकतच्या प्रणाली प्रसिद्ध आहेत. हुगिन (छायाचित्रे जोडण्याच्या) प्रकल्पातले जुळवणीचे साधन आणि चित्रे मिसळणारे एनफ्यूज हे दोन्ही मोफत असून बहुतेक कामाला पुरतात. एनफ्यूजमध्ये एक्स्पोजर व रंगसंपृक्ततेचे भार (निवडीतले महत्त्व) शून्य करून कॉन्ट्रास्टचा भार पूर्ण ठेवावा लागतो. जोडणीच्या पद्धतींत पिरॅमिड पद्धत (चित्राचे जाड-बारीक तपशील थरांत वेगळे करून जोडणारी) एकमेकांवरून जाणारे केस व मिशा चांगल्या सांभाळते, पण नॉइज (चित्रातले दाणे) वाढवते. डेप्थ मॅप पद्धत (प्रत्येक जागी कोणती फ्रेम सर्वांत स्पष्ट याचा नकाशा करून जोडणारी) रंग आणि पोत जपते, मात्र केसांच्या कडांशी प्रभावळ उमटवते. अनुभवी छायाचित्रकार दोन्ही चित्रे काढून घेतात आणि केसाळ भागापुरते पहिले चित्र ब्रशने दुसऱ्यावर उतरवतात.