गोल्कोंद (चित्र)

गोल्कोंद : बेल्जियमचा अतिवास्तववादी चित्रकार रेने माग्रीत (१८९८–१९६७) याचे १९५३ मधील तैलचित्र. आकार सुमारे ८० × १०० सेंमी. ते अमेरिकेतील ह्यूस्टन येथील मेनिल संग्रहालयात आहे.

चित्रातील एकेक गोष्ट सुटी पाहिली तर त्यात नवल काहीच नाही. लाल कौलांची, ओळीने खिडक्या असलेली घरे, वर निळे आकाश आणि गडद ओव्हरकोट व गोल माथ्याची बाउलर टोपी घातलेले, कचेरीला निघाल्यासारखे पुरुष. फक्त हे पुरुष हवेत आहेत. शंकरपाळ्यांसाठी लाटलेल्या पोळीवर तिरक्या रेघा माराव्यात आणि त्या जिथे छेदतात तिथे एकेक माणूस ठेवावा, तशी त्यांची मांडणी आहे. जवळचे मोठे, मागचे ठिपक्याएवढे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला माग्रीत भिंतीला लावायच्या कागदांवरची नक्षी काढण्याची नोकरी करत होता, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

ते पडत आहेत, वर चढत आहेत की नुसते थांबले आहेत? पडणाऱ्याचा कोट फडफडावा, टोपी उडावी. इथे टोपी जागची हलत नाही. माणसे रांगेत उभी असावीत तशी ताठ.

ब्रुसेल्समधील राहत्या घरी, जेवणाच्या खोलीत माग्रीत चित्रे काढी, आणि तीही सूट घालून. त्याचे रंगकामही तसेच, नीटनेटके आणि जाहिरातफलकासारखे सपाट. हेच चित्र धूसर रंगवले असते, तर ‘स्वप्न असेल’ म्हणून प्रेक्षक पुढे सरकला असता. दुसरा अतिवास्तववादी चित्रकार साल्वादोर दाली याच्या चित्रात घड्याळे वितळतात. माग्रीतच्या वस्तू मात्र जशाच्या तशा राहतात, चुकते ती त्यांची जागा. १९३८ च्या एका चित्रात दिवाणखान्यातील शेकोटीतून आगगाडीचे इंजिन बाहेर येते, तेही अगदी खरेखुरे.

‘गोल्कोंद’मधील माणसे एकाच साच्यातील वाटतात, पण चेहरे निरखले की फरक दिसतो. उजवीकडे धुराड्याजवळचा मोठा चेहरा माग्रीतचा कविमित्र लुई स्क्यूतनेर याचा आहे. चित्राचे नावही त्यानेच सुचवले. गोल्कोंद म्हणजे आपला गोवळकोंडा. मराठी वाचकाला त्या नावाने कुतुबशाही आणि १६७७ मधील शिवाजी महाराज व अबुल हसन तानाशहा यांची भेट आठवते. युरोपात मात्र तिथल्या हिऱ्यांच्या व्यापारामुळे ते नाव अमाप संपत्तीसाठी वापरले जाऊ लागले. चित्रात ना किल्ला आहे, ना हिरा.