परदेशात नाहक तुरुंगात पडलेल्या नागरिकासाठी पाठपुरावा

एखादा माणूस दुसऱ्या देशात काही न करता जेलमध्ये अडकला की त्याच्या सुटकेसाठी घरचे, वकील आणि त्याचं सरकार जी धडपड करतात तोच हा पाठपुरावा. पहिल्यांदा एक गैरसमज काढून टाकूया, दूतावास कुणाला सोडवून आणू शकत नाही, खटला तिथल्याच कायद्याने चालतो. दूतावासाला हक्काने मिळतं ते कॉन्सुलर ॲक्सेस, म्हणजे कैद्याला भेटायचं, पत्रव्यवहार करायचा, वकील लावून द्यायचा. १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ ते हेच. कैद्याला त्याचा हा हक्क विनाविलंब सांगायचा असतो आणि सगळी गोम त्या 'विनाविलंब'मध्येच आहे, कारण दमदाटी, जबरदस्तीचा कबुलीजबाब, जे काय व्हायचं ते बहुतेक वेळा सुरुवातीच्या दिवसांतच उरकलेलं असतं.

हेरगिरीच्या आरोपावरून पकडलेल्या कुलभूषण जाधव या भारतीय नागरिकाच्या प्रकरणात पाकिस्तानने मार्च २०१६ मधल्या अटकेनंतर भारताला कळवायलाच जवळपास तीन आठवडे लावले, भेट तर नाहीच, आणि एप्रिल २०१७ मध्ये लष्करी कोर्टाने फाशी सुनावली. भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, १७ जुलै २०१९ ला कलम ३६ मोडलं असा निकाल १५ विरुद्ध १ ने लागला. पण सुटकेची मागणी कोर्टाने फेटाळली, शिक्षेचा फेरविचार करा आणि तोवर फाशी नको, एवढंच. केस जिंकली तरी माणूस आतच! तरी हे बरं म्हणायचं, १९९९ मध्ये याच कोर्टाने थांबा म्हटलेलं असताना अमेरिकेतल्या ॲरिझोनाने वॉल्टर लाग्रांड या जर्मन नागरिकाला मृत्युदंड दिलाच होता.

मग गाजावाजा करायचा की गुपचूप बोलणी करायची? परराष्ट्र खाती बहुधा गप्प बसा म्हणतात, घरच्यांना ते पटत नाही. ब्रिटन आणि इराण दोन्हीकडची नागरिक असलेली नाझनीन झघारी-रॅटक्लिफ २०१६ पासून इराणमध्ये अडकलेली, इराण दुहेरी नागरिकत्व मानत नाही त्यामुळे ब्रिटनला भेटही मिळेना. २०१९ मध्ये ब्रिटनने तिला राजनैतिक संरक्षण दिलं, म्हणजे प्रकरण दोन देशांमधला वाद झालं, २०२१ मध्ये नवऱ्याने २१ दिवस उपोषण केलं. ती सुटली मार्च २०२२ मध्ये, आणि रणगाड्यांच्या जुन्या व्यवहारातलं ब्रिटनचं इराणला असलेलं सुमारे ४० कोटी पौंडांचं देणं त्याच सुमारास चुकतं झालं, आता काय समजायचं ते समजा.

सरकार ढिम्म असेल तर घरचे संयुक्त राष्ट्रांच्या मनमानी अटकेवरच्या कार्यगटाकडे थेट अर्ज करू शकतात, तिथल्या कोर्टाच्या सगळ्या पायऱ्या संपायची वाट बघावी लागत नाही. १९९१ पासून हा गट आहे. त्याचं मत कुणावर बंधनकारक नाही, पण अटक मनमानी आहे असं लेखी मिळालं की वकिलाला आणि पत्रकारांना दाखवायला हातात कागद तरी असतो.