मोहालीची जुनी फॅब कशाला हवी?

पंजाबमध्ये मोहालीला केंद्र सरकारच्या मालकीची सेमीकंडक्टर लॅबोरेटरी आहे; ती एक फॅब, म्हणजे चिप बनवणारा कारखाना. तिथल्या चिप १८० नॅनोमीटर तंत्राच्या, म्हणजे गेल्या शतकाच्या अखेरीस जगात नवं होतं त्या तंत्राच्या. हा आकडा जितका लहान, तितकं तंत्र नवं; म्हणून ३ नॅनोमीटरच्या जमान्यात हे ऐकून लोक नाक मुरडतात. मला मात्र ही जुनी फॅब संशोधकांसाठी फार मोलाची वाटते. का, ते आयआयटी मुंबईतल्या एका कामावरून कळेल.

ज्या सिलिकॉनच्या चकतीवर चिप घडवतात ती वेफर; एकाच वेफरवरच्या दोन चिप हुबेहूब सारख्या नसतात. तापमान मोजणारा एखादा सेन्सर किंचित जास्त दाखवतो, शेजारचा किंचित कमी. म्हणून प्रत्येकाची चूक मोजायची आणि दुरुस्तीचा आकडा त्याच चिपमध्ये कायमचा नोंदवून ठेवायचा. त्यासाठी एकदाच लिहिता येणारी चिमुकली मेमरी लागते. ८ बिटांतही २५६ वेगवेगळे आकडे मावतात, एवढ्यावर काम भागतं.

या मेमरीत दोन वाहक थरांमध्ये सिलिकॉन डायऑक्साइडचा पापुद्रा असतो. तो वीज जाऊ देत नाही, तोवर बिट ०. पुरेसा व्होल्टेज दिला की पापुद्रा एका जागी फुटतो, विजेला कायमची वाट मिळते आणि बिट १ होतो. घरातल्या फ्यूजच्या बरोबर उलट: तो उडाला की वीज तुटते, हा फुटला की जोडली जाते. पापुद्रा जितका पातळ, तितका तो कमी व्होल्टेजला फुटतो. प्रचलित पद्धतीत ट्रान्झिस्टरच्या गेटखालचा, म्हणजे त्यातली वीज चालू-बंद करणाऱ्या भागाखालचा, ऑक्साइडच यासाठी वापरतात. आयआयटी मुंबईच्या प्रा. उदयन गांगुली यांच्या गटाने त्याऐवजी जेमतेम १० अणुस्तरांचा वेगळा थर चढवला. व्होल्टेज उतरला, तशी ऊर्जाही वाचली आणि जागाही.

प्रयोगशाळेत हे जमवणं वेगळं आणि कारखान्यात बसवणं वेगळं. खासगी फॅब पैसे घेऊन तुमचं डिझाइन बनवून देते, पण तिच्या ठरलेल्या प्रक्रियेत परका थर सहसा घुसवू देत नाही. काही बिघडलं तर इतर गिऱ्हाइकांचा माल वाया जायचा! मोहालीने तो घुसवू दिला. ही मेमरी तिथल्या १८० नॅनोमीटर प्रक्रियेत सामावल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं.

अशा कामाची पायाभरणी आधीच झाली होती. २००६ मध्ये सरकारी पैशातून आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रं उभी राहिली, पुढे ती इतर महाविद्यालयांच्या संशोधकांनाही खुली झाली. डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झालेला सेमीकंडक्टर कार्यक्रम ७६,००० कोटी रुपयांचा. त्यातला मोठा वाटा कारखान्यांचा. महाविद्यालयांना डिझाइनचं महागडं सॉफ्टवेअर पुरवणारी आणि ८५,००० अभियंते घडवू पाहणारी ‘चिप्स टू स्टार्टअप’ योजना मात्र ५ वर्षांसाठी २५० कोटींची. हा हिशेब मला पटत नाही.

इस्रोच्या रॉकेटसाठी घडवलेला विक्रम ३२०१ हा प्रोसेसरही मोहालीच्याच १८० नॅनोमीटर तंत्राचा. उणे ५५ ते १२५ अंश सेल्सिअसपर्यंत तो चालला पाहिजे. तिथे ३ नॅनोमीटरचा हट्ट धरण्याचं कारणच नाही. २०२१ च्या निर्णयात या लॅबच्या आधुनिकीकरणाचाही समावेश होता. नवी यंत्रं जरूर यावीत. पण ती आल्यावर फॅब पूर्णपणे गिऱ्हाइकांच्या ऑर्डरींना जुंपू नये; दरवर्षी काही वेफर प्रक्रियेतच फेरफार करू पाहणाऱ्या संशोधकांसाठी राखून ठेवाव्यात, त्यातल्या बऱ्याचशा फुकट जाणार हे धरूनच.