छोट्या गाडीत मोठा बेस: हिशोब लिटरचा

गाडीत सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर (बेस) वाजवणारा स्पीकर, बसवायला गेलं की दुकानात पहिली चौकशी होते वॅटची, दुसरी इंचांची. गाडीत मोकळी जागा किती लिटर आहे, हे मात्र फार कमी जण मोजून नेतात. जळगाव-धुळ्याकडच्या कितीतरी गाड्यांची डिकी सीएनजीच्या टाकीनेच भरलेली असते. रावेर-सावद्याकडे केळी वाहणाऱ्या पिकअपला तर डिकीच नाही, सीटमागची वीतभर फट तेवढी हाती लागते. अहिराणी गाण्याचा ठोका छातीत घुमला पाहिजे, ही हौस मात्र सगळ्यांचीच. ती एवढ्याशा जागेतही भागते, फक्त पेटी नीट निवडायला हवी.

मुळात पेटी लागतेच कशाला? स्पीकरचा पडदा पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. स्पीकर उघडा ठेवला तर या दोन लाटा एकमेकींना खोडून काढतात आणि खालचे सूर विरून जातात. पेटी मागची लाट अडवते. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांचा एआर-१ स्पीकर आला. बंद पेटीत कोंडलेली हवाच स्प्रिंगचं काम करते, हे त्याने दाखवून दिलं. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने दाबून दांडा ढकलला की तो उसळून मागे येतो, तसंच हे. पेटी लहान केली की ही स्प्रिंग कडक होते.

किती कडक, ते आकड्यांत बघू. समजा, सबवूफरच्या माहितीपत्रकात एफएस (पडद्याची नैसर्गिक कंपनसंख्या, सेकंदाला किती कंपनं ते) ३० हर्ट्झ, क्यूटीएस (हे कंपन किती रेंगाळतं त्याचा आकडा) ०.४५ आणि व्हीएएस (पडद्याच्या टांगणीइतकीच कडक असणारी हवा) ४० लिटर दिलंय. ४० लिटरच्या बंद पेटीत त्याची कंपनसंख्या ३० वरून ४२ वर जाते, २० लिटरमध्ये ५२ वर आणि १० लिटरमध्ये ६७ वर. पेटीत बसवल्यावरचा हा क्यू ०.७ च्या आसपास असला की ठोका स्वच्छ वाजतो. २० लिटरमध्ये तो ०.७८ येतो, म्हणजे चांगलाच. १० लिटरमध्ये मात्र एकच्या वर जातो आणि ठोका घुमत राहतो. वॅट कितीही वाढवा, हे गणित बदलत नाही.

दुसरी जात पोर्टेड, म्हणजे पाइपचं तोंड बाहेर उघडणाऱ्या पेटीची. बाजारात मिळणारी बास ट्यूब बहुधा याच जातीची असते. पेटीतला पाइप मागच्या लाटेलाही कामाला लावतो, त्यामुळे तेवढ्याच वॅटमध्ये आवाज जास्त निघतो. पण हा पाइप जागेचा हावरा आहे. ४० लिटरची पेटी ३५ हर्ट्झला जुळवायची, म्हणजे पाइप त्या सुराला घुमवायचा, तर १० सेंमी व्यासाचा पाइप सुमारे ४० सेंमी लांब लागतो. पेटी २० लिटरची केली की तोच पाइप ८८ सेंमीचा होतो! तो वळवून आत बसवला तरी एकटाच सात लिटर खातो. पाइप आखूड केला तर जुळणी वर सरकते आणि बेस एकाच सुरावर घुमायला लागतो.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते, ती गाडीत मावतच नाही. अडीच मीटरच्या केबिनमध्ये साधारण ७० हर्ट्झच्या खाली आतली सगळी हवा एकदमच दाबली आणि सोडली जाते. त्यामुळे सूर जितका खालचा, तितकी आवाजात भर, सिद्धांताप्रमाणे दर सप्तकाला (कंपनसंख्या निम्मी होईल तेव्हा) १२ डेसिबल. आणि बंद पेटीचा आवाज खाली उतरताना घसरतो तोही दर सप्तकाला १२ डेसिबलनेच, म्हणजे घसरण भरून निघते! पत्रा आणि काचा थरथरतात म्हणून प्रत्यक्षात भर थोडी कमी मिळते, पण मिळते नक्की. दीड मीटरच्या पिकअप केबिनमध्ये तर ती ११० हर्ट्झच्या आसपासच सुरू होते. जागा कमी असेल तर माझा कौल म्हणूनच बंद पेटीला.

पेटी करून घेताना मापं आतली धरा. आतून ४० × ३० × २० सेंमी म्हणजे २४ लिटर, पण १८ मिमीच्या एमडीएफमध्ये (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीत) ती बाहेरून साडेचौतीस लिटर जागा अडवते. सबवूफरच्या मॅग्नेटचे एक-दोन लिटर त्यातून आणखी वजा. आकार सीटच्या पाठीसारखा तिरपा असला तरी चालतो, कारण एवढ्या लांब लाटेला पेटीच्या कोनांनी फरक पडत नाही. आत उशीत भरतात तो पॉलिस्टर कापूस सैलसर भरला तर पेटी थोडी मोठी असल्यासारखी वागते.

सीटखाली मावणारे चपटे सबवूफर सोयीचे खरे, पण कंपनसंख्या निम्मी झाली की तेवढ्याच आवाजासाठी पडद्याला चौपट सरकावं लागतं. आठ इंची चपट्या पडद्याला तेवढी हालचाल जमत नाही. तो गाणं भरीव करतो, छाती हलवत नाही.

भुसावळचा मे महिना विसरू नका. तांब्याची कॉइल १०० अंशांनी तापली की तिचा रोध सुमारे ३९ टक्क्यांनी वाढतो आणि आवाज बसतो. उन्हात उभी असलेली गाडी आधीच तापलेली असते, म्हणून अँपभोवती (अँप्लिफायरभोवती) हवा खेळती ठेवा. पेटी बोल्टने पक्की आवळा, नाहीतर करकचून ब्रेक लागला की ती पुढे येते. सीएनजीच्या टाकीच्या पट्ट्यांना मात्र एकही स्क्रू मारू नका, आणि तिच्या व्हॉल्व्हपर्यंत हात सहज पोचेल एवढी जागा मोकळी सोडा.