खेळाडू गेला म्हणून त्याचा पगार मोकळा होत नाही

एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये मोठा खेळाडू संघ सोडून गेला की त्याच्या पगाराएवढी रक्कम नव्या खेळाडूवर खर्च करता येते, हा समज वर्षानुवर्षे पसरलेला असला तरी तो चुकीचा आहे. ‘सॅलरी कॅप’ ही मर्यादा संघातील सर्व करारांच्या बेरजेवर लागते, आणि ही बेरीज मर्यादेखाली आली तरच जागा निर्माण होते.

2019 मध्ये केव्हिन ड्युरंटने गोल्डन स्टेट वॉरियर्स सोडले, तेव्हा त्याचा 3 कोटी डॉलरचा पगार हिशेबातून गेला. परंतु स्टीफन करी व ड्रेमंड ग्रीन यांचे करार आणि क्ले थॉम्पसनला राखण्यासाठी धरावी लागणारी रक्कम यांमुळे संघ सुमारे 10.9 कोटी डॉलरच्या मर्यादेच्या वरच राहिला. स्वतःच्या खेळाडूला मर्यादा ओलांडूनही पुन्हा करारबद्ध करता येते, आणि ही सवलत माझ्या मते या नियमावलीतील सर्वांत दुर्लक्षित बाब आहे. बाहेरच्या खेळाडूला मात्र ती लागू नसते. म्हणूनच वॉरियर्सने ब्रुकलिन नेट्स या संघाशी ‘साइन-अँड-ट्रेड’ करून, म्हणजे जुन्या संघाने नवा करार करून लगेच अदलाबदलीत देण्याच्या मार्गाने, डी’अँजेलो रसेलला आणले. त्या मार्गाने खेळाडू घेतल्यास खर्चावर कठोर मर्यादा येते, त्यामुळे आंद्रे इगुओडालासारखा अनुभवी खेळाडूही त्यांना मेम्फिस ग्रिझलीज संघाकडे पाठवावा लागला.