डीटन, सर अँगस स्ट्यूअर्ट

डीटन, सर अँगस स्ट्यूअर्ट : (१९ ऑक्टोबर १९४५ – ). ब्रिटिश-अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ आणि २०१५ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी. जन्म एडिंबरोचा. केंब्रिजला गेले ते गणितासाठी, रमले मात्र अर्थशास्त्रात. १९७६ पासून ब्रिस्टल विद्यापीठात अर्थमितीचे (आर्थिक आकडेवारीच्या संख्याशास्त्रीय अभ्यासाचे) प्राध्यापक. १९८३ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टनला गेले ते निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले.

भाव आणि उत्पन्न बदलले की कुटुंबाचा खर्च कसा वाटला जातो, याचे गणिती प्रारूप त्यांनी जॉन म्यूलबाउअर यांच्यासह १९८० मध्ये मांडले. त्याच्या इंग्रजी नावाची (ऑलमोस्ट आयडियल डिमांड सिस्टिम) आद्याक्षरे जुळवली की ‘एड्स’ होते. त्या रोगाचे नाव तेव्हा कोणी ऐकलेलेही नव्हते.

आपल्याला जवळचे वाटावे असे त्यांचे काम ग्रामीण महाराष्ट्रावरचे. त्यासाठी त्यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीची १९८३ ची आकडेवारी वापरली. पाहणीचा माणूस दारात येऊन विचारतो, गेल्या तीस दिवसांत ज्वारी किती किलो लागली, किती रुपयांची? रुपयांना किलोंनी भागले की भाव निघतो. पण तो फसवा असतो, कारण बऱ्या परिस्थितीतले घर तांदूळही बरा घेते. डीटन यांची युक्ती साधी होती. एका गावात बाजारभाव सगळ्यांना सारखाच, तेव्हा तिथल्या घराघरांत दिसणारा फरक प्रतीचा धरायचा आणि गावागावांतला फरक भावाचा.

शंकर सुब्रमण्यन यांच्यासोबतचा हा निबंध १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आढळले ते असे : घरखर्च १० टक्क्यांनी वाढला, तर पोटात जाणारे उष्मांक ३ ते ५ टक्क्यांनीच वाढतात. खाण्यावरचा बाकीचा वाढीव पैसा ज्वारी-बाजरी सोडून महाग उष्मांकांकडे वळतो. शिवाय दिवसभराच्या कामाला लागणारे उष्मांक मजुरीच्या ५ टक्क्यांहून कमी पैशांत मिळत होते. अर्धपोटी राहिल्यामुळेच गरिबाची कमाई खुंटते, या सिद्धान्ताला हा चांगलाच धक्का होता.

मग उत्पन्न वाढत असताना भारतीयांचे सरासरी उष्मांक घटले कसे? हे कोडे त्यांनी २००९ मध्ये अर्थशास्त्रज्ञ ज्यां द्रेझ यांच्यासह मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त मांडले. अंगमेहनत कमी झाली असावी, हा त्यांचा एक तर्क. भारतीयांच्या उंचीचाही त्यांनी अभ्यास केला. पुरुषांची सरासरी उंची स्त्रियांपेक्षा बरीच भरभर वाढलेली आढळली. घरातले ताट कोणापुढे आधी जाते, हे ठाऊक असणाऱ्याला याचे नवल वाटू नये.

नोबेल जाहीर झाल्यावर काही आठवड्यांतच पत्नी अ‍ॅन केस यांच्यासह त्यांचा आणखी एक निबंध आला. १९९९ ते २०१३ दरम्यान अमेरिकेतील ४५ ते ५४ वयाच्या गौरवर्णीयांचा (हिस्पॅनिक वगळून) मृत्युदर घटण्याऐवजी वाढला होता. कारणे होती अमली औषधे, दारू आणि आत्महत्या.