ज्येष्ठांच्या संकुलात घर घेताना: मेंटेनन्स वेगळा, घरखर्च वेगळा

पुण्यात ज्येष्ठ नागरिकांच्या संकुलात घर बघायला गेलेल्या जोडप्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "महिन्याला किती पडतं?" समोरून उत्तर येतं, "नऊ हजार." पेन्शनमध्ये हे सहज बसतंय, असं वाटून दोघं निर्धास्त होतात. पण सांगणाऱ्याने मेंटेनन्स सांगितलेला असतो आणि विचारणाऱ्यांना महिन्याचा पूर्ण खर्च हवा असतो. खोटं कुणीच बोललेलं नसतं, तरी या गैरसमजावर घर विकत घेतलं जातं आणि वर्षभरात मुलांकडे हात पसरायची वेळ येते. आयुष्यभर कुणाकडे काही न मागितलेल्या माणसांवर ही वेळ येऊ नये, म्हणून हे दोन आकडे वेगळे करून बघायला हवेत.

मेंटेनन्स हा वास्तूचा खर्च. लिफ्ट, पाण्याचे पंप, जनरेटरचं डिझेल, वॉचमन, जिन्यातले दिवे, बाग, कचरा. ज्येष्ठांच्या संकुलात यात आणखी काही मिसळतं: चोवीस तास नर्स, घरातलं आणीबाणीचं बटण, हॉल, वाचनालय, आठवड्यातून येणारे डॉक्टर. घरखर्च हा माणसांचा. जेवण, औषधं, घरची वीज, मावशींचा पगार, रिक्षा, भाचीच्या लग्नातला आहेर. ओळखायची सोपी खूण अशी: चार महिने मुलीकडे बंगळुरूला गेलात आणि घराला कुलूप लावलंत, तरी जो चालूच राहतो तो मेंटेनन्स. ही खूण अगदी काटेकोर नाही. आरोग्यविम्याचा हप्ता आणि मिळकतकर कुलूप लावल्यानेही थांबत नाहीत. पण सुरुवातीला एवढी पुरते.

खरी अडचण सीमारेषेवर आहे, कारण ती प्रत्येक संकुलात वेगळ्या ठिकाणी आखलेली असते. पाषाण, बाणेर, बावधन, हडपसरमधली संकुलं घ्या किंवा शहराबाहेर भूगाव, तळेगाव, लवासा घ्या. एकीकडे मेसचं जेवण मेंटेनन्समध्ये धरलेलं असतं, दुसरीकडे कुपनावर, तिसरीकडे जेवा वा न जेवा, महिन्याची किमान रक्कम द्यावीच लागते. खोलीची सफाई, बाजारात नेणारी गाडी, बॅकअपवर चाललेला एसी यांचंही तसंच. त्यामुळे एका ठिकाणचे नऊ हजार आणि दुसऱ्या ठिकाणचे सोळा हजार यांत महाग कोणतं, हे नुसत्या आकड्यांवरून कळतच नाही. सोळा हजारवालं स्वस्त निघू शकतं.

मुंबईहून येणाऱ्यांनी तर विशेष जपावं. तिकडे सोसायटीच्या बिलात मालमत्ता कर येतो, म्हणून एक बिल भरलं की घराचं सगळं भागलं अशी सवय असते. पुण्यात महापालिकेचं मिळकतकराचं बिल प्रत्येक फ्लॅटच्या नावाने स्वतंत्र येतं. मेंटेनन्समध्ये ते नसतं. मालक स्वतः राहत असेल तर ४० टक्के सवलत आहे, पण नव्या घरासाठी त्याचा अर्ज करावा लागतो.

मेंटेनन्स वाटायची पद्धतही विचारून घ्या. सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीनुसार, सेवाशुल्क सर्व फ्लॅटना सारखं असतं, मग घर लहान असो की मोठं. घोषणापत्र (डीड ऑफ डिक्लेरेशन) केलेली अपार्टमेंट असेल तर १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याप्रमाणे खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्यावर, म्हणजे साधारण क्षेत्रफळावर पडतो. काही ठिकाणी व्यवस्था कंपनीकडेच राहते आणि ती माणशी आकार लावते. आता दोघांचं एक राहिलं तर? पहिल्या दोन पद्धतींत मेंटेनन्स एका रुपयाने कमी होत नाही. तिसरीत होऊ शकतो.

जीएसटीचंही बघा. सोसायटीसारख्या ना-नफा संस्थेला दर सभासदामागे महिना ७,५०० रुपयांपर्यंत सूट आहे. केंद्राच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार ही मर्यादा ओलांडली, आणि संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर असली, की पूर्ण रकमेवर १८ टक्के लागतात. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फक्त वरच्या रकमेवर कर लावावा असं म्हटलं, पण हिशेब करताना जास्तीचाच आकडा धरावा. व्यवस्था कंपनी चालवत असेल तर सूट मिळेल असं गृहीतच धरू नये. आणि ताबा घेताना दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ भरलेला असेल, तर ती दोन वर्षं फसवी स्वस्त जातात.

आता एक नमुना मांडू. आकडे मी हिशेबासाठी घेतलेले आहेत, तुमचे वेगळे असतील. बघायचं आहे ते प्रमाण. जोडपं, बावधनला लहान फ्लॅट. मेंटेनन्स ९,००० आणि त्यावरचा जीएसटी १,६२०, म्हणजे १०,६२०. दोघांची मेस ११,०००. चहा, दूध, नाश्ता, फळं घरी, ६,०००. घरची वीज, गॅस, फोन, इंटरनेट ३,०००. भांडी, केर-फरशी ३,०००. औषधं आणि तपासण्या ७,०००. रिक्षा, कॅब ३,५००. कपडे, वर्तमानपत्र, आहेर, दिवाळीची पोस्त, वर्गणी ४,०००. हे झाले ३७,५००. वर्षातून एकदा येणारे खर्च लोक हमखास विसरतात: दोघांच्या विम्याचा हप्ता ९०,०००, मिळकतकर १५,०००, गिझर-एसी-नळाची दुरुस्ती १५,०००. बाराने भागलं की महिन्याला १०,०००. घरखर्च ४७,५००, मेंटेनन्स धरून ५८,१२०. सुरुवातीला ऐकलेले "नऊ हजार" या रकमेचा सहावा हिस्साही नाहीत.

पुढचा हिशेब करायला मन धजत नाही, पण तोच सगळ्यात गरजेचा आहे. दोघांपैकी एक मागे राहिलं की मेस ५,५००, घरचा नाश्ता-दूध ३,५००, वीज-फोन वगैरे २,६००, मावशी त्याच ३,०००, औषधं ४,०००, रिक्षा ३,०००, इतर ३,०००. त्यात एकाचा विमा, मिळकतकर आणि दुरुस्ती मिळून महिना ६,२५०, आणि मेंटेनन्स आहे तेवढाच १०,६२०. बेरीज ४१,४७०. माणसं निम्मी झाली तरी खर्च सत्तर टक्क्यांवर राहिला. सरकारी नोकरीतल्या पेन्शनरांनी याच्याशेजारी कुटुंब निवृत्तिवेतन लिहून बघावं: पेन्शन शेवटच्या पगाराच्या ५० टक्के, कुटुंब निवृत्तिवेतन सुरुवातीचा वाढीव काळ सोडला तर ३० टक्के. म्हणजे उत्पन्न साठ टक्क्यांवर येतं आणि खर्च सत्तरवर थांबतो. ही दहा टक्क्यांची फट बहुतेक घरांत काकूंच्या वाट्याला येते, आणि घर घेताना त्यांना याबद्दल कुणी विचारलेलंही नसतं. खासगी नोकरीतल्या कर्मचारी पेन्शन योजनेचं, म्हणजे ईपीएस-९५ चं पेन्शन आधीच तुटपुंजं, त्यात विधवेला निम्मंच मिळतं.

त्यानंतर येतो ब्युरोच्या, म्हणजे आजाऱ्याची देखभाल करायला माणूस पुरवणाऱ्या संस्थेच्या, मावशींचा खर्च. संकुलात नर्स आहे याचा अर्थ रात्री उठवून बाथरूमला नेणारं माणूस आहे असा होत नाही. नर्स सगळ्यांची असते. खाटेशी बसणारं माणूस आपल्यालाच ठेवावं लागतं आणि तो शंभर टक्के घरखर्च. समजा दिवसाला ९०० रुपये, महिन्याला २७,०००, आणि त्यांच्या मेसचे ५,५००. मागे राहिलेल्या एका माणसाचा महिना ७३,९७० वर गेला, म्हणजे दोघं धडधाकट असतानाच्या खर्चापेक्षाही वर. आरोग्यविमा बहुधा हा खर्च देत नाही. सत्तरीपुढच्या सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि ते कार्ड जरूर काढून ठेवावं, पण ते रुग्णालयात भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी. रोजच्या गोळ्या आणि मावशी त्यात येत नाहीत.

वाढीची चालही दोन्हींची वेगळी. घरखर्च रोज थोडाथोडा सरकतो, आणि त्यावर आपला थोडा ताबा असतो: आंबे एक पेटी कमी, कॅबऐवजी पीएमपीची बस. मेंटेनन्स दोन-तीन वर्षं गप्प बसतो आणि मग सर्वसाधारण सभेच्या ठरावाने किंवा कंपनीच्या पत्राने एकदम उडी मारतो. त्यावर आपला ताबा नसतो. वर्षाला आठ टक्के वाढ धरली तर खर्च नऊ वर्षांत दुप्पट होतो. अडुसष्टाव्या वर्षी राहायला गेलात तर सत्त्याहत्तरीला. व्याजाचं उत्पन्न मात्र गोठलेलं असतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल ३० लाख ठेवले तर एप्रिल २०२३ पासूनच्या ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० मिळतात, महिन्याला २०,५००. पाच वर्षं तेवढेच. म्हणून मेंटेनन्सची तजवीज व्याजावर आणि घरखर्चाची महागाई भत्त्यासह वाढणाऱ्या पेन्शनवर अशी विभागणी कागदावर छान दिसते, पण उलटी केली तर जास्त टिकते, कारण थांबवता न येणारा खर्च वाढत्या उत्पन्नावर टाकलेला बरा.

गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी किमान निकष घातले: लिफ्ट, रॅम्प, रुंद दरवाजे, उजेड. त्याचा फायदा नक्की आहे, पण ते बांधकामाचे निकष आहेत. महिन्याच्या आकड्यासाठी आपणच कागद मागायला हवा. माहितीपत्रकावर न थांबता तिथे राहणाऱ्या कुणाची तरी प्रत्यक्ष बिलं बघू द्या म्हणावं, आणि त्यातलं एक मे महिन्याचं असू द्यावं. पश्चिम पुण्यात आणि शहराच्या कडेला उन्हाळ्यात टँकर लागतात. ते पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे मागतात, हे त्या एका बिलात दिसतं. शक्य असेल तर विकत घेण्याआधी त्याच संकुलात महिनाभर भाड्याने राहावं, आणि राहायला मे महिनाच निवडावा.